काळ्या पोटाचा सुरय? गोदावरीकाठच्या एका शोधाचे प्रकरण

हे प्रकरण नाशिक शहराच्या हद्दीतले, एप्रिलमधल्या एका शनिवारचे आहे. माणसांची नावे दिलेली नाहीत. नदीचा नेमका पट्टाही सांगितलेला नाही, कारण तिथे पक्षी घरटी करतात आणि या प्रकरणातला निम्मा पेच जागेच्या नावाचाच आहे.

पार्श्वभूमी

गंगापूर धरणातून सुटलेली गोदावरी सोमेश्वर, आनंदवल्ली करत रामकुंडाशी येते, तपोवनात तिला कपिला मिळते आणि दसक-पंचकवरून ती एकलहऱ्याकडे निघून जाते. पुढे निफाड तालुक्यात कादवा येऊन मिळते तिथे नांदूर मध्यमेश्वर. पक्षी पाहायचे तर नाशिककर गाडी काढून तिकडेच जातो, आणि त्यात गैर काही नाही. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली ती पहिली जागा, २०१९ सालची. पण त्यामुळे शहरातून वाहणाऱ्या नदीकडे पाहायची सवय सुटली. पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावायचा आणि पुढे जायचे, एवढेच तिच्याशी नाते उरले आहे.

याच पट्ट्यात उन्हाळ्यात पाणी उतरले की काळ्या खडकाची लहान-मोठी बेटे उघडी पडतात. त्यांच्या खळग्यांत वाळू-गाळ साठलेला असतो. नदी सुरय नावाचा पिवळ्या चोचीचा, लांब दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी अशाच उघड्या जागी अंडी घालतो. घरटे म्हणावे असे काही नसते, वाळूत उकरलेला उथळ खळगा एवढेच. मार्च ते मे हा त्याचा हंगाम. नेमक्या याच काळात धरणातून आवर्तने, म्हणजे पाण्याच्या ठरावीक पाळ्या, सुटतात आणि बंद होतात. पाणी चढले तर खालची अंडी बुडतात, पाणी तुटले तर बेट काठाला लागते आणि कुत्री चालत पलीकडे जातात. शहरातल्या सुरयाचा उन्हाळा या दोन संकटांच्या मधे जातो.

आमचा गट अगदी लहान आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, माध्यमिक शाळेतल्या एक शिक्षिका, कॉलेजात शिकणारा एक मुलगा आणि मी. रविवारी जमेल तसे नदीकाठाने फिरायचे, दिसेल त्याची नोंद ठेवायची.

काय घडले

शुक्रवारी रात्री साडेनऊच्या सुमारास त्या मुलाने एक फोटो पाठवला. संध्याकाळी पुलावरून घरी जाताना मोबाइलने काढलेला, खूप मोठा केलेला. खडकावर बसलेला सुरय, काळी टोपी, काळे पोट, केशरी वाटणारी चोच. खाली लिहिले होते, “काका, हा काळ्या पोटाचा आहे ना?”

हा प्रश्न साधा नव्हता. काळ्या पोटाचा सुरय हा एकेकाळी दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या मोठ्या नद्यांवर सर्रास दिसणारा पक्षी. आग्नेय आशियातून तो जवळपास संपला आहे, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची गणना संकटग्रस्त पक्ष्यांत होते. धरणे, वाळू उपसा, नदीपात्रातली वर्दळ, अंडी खाणारी कुत्री आणि कावळे, कारणे सगळी ओळखीची आहेत. आमच्यापैकी कुणीही तो नाशिकमध्ये पाहिलेला नव्हता. काकांनी उलट लिहिले, “चोच केशरी दिसतेय खरी. सकाळपर्यंत झोप येणार नाही आता.”

नेमका प्रश्न

वरवर पाहता प्रश्न एकच होता: पक्षी कोणता? पण रात्री फोनवर बोलताना शिक्षिकांनी त्याचे तीन तुकडे केले. फोटोवरून खात्री होते का? होत नसेल तर खात्री करायला कुणी आणि कसे जायचे? आणि तोवर हे कुणाकुणाला सांगायचे?

तिसरा तुकडा सगळ्यांत अवघड. पुढचा दिवस शनिवार, त्यापुढे रविवार. दुर्मीळ पक्ष्याची बातमी फुटली की शहरातले, पुण्या-मुंबईचेही कॅमेरे दोन दिवसांत तिथे पोहोचतात. त्यातली बहुतेक माणसे चांगली असतात, पक्ष्यांवर जीव असणारी असतात. पण विणीच्या हंगामात चांगल्या माणसांची गर्दीसुद्धा गर्दीच असते.

रात्री तोललेले पर्याय

पहिला पर्याय, फोटो आणि जागा मोठ्या गटांत टाकून जाणत्यांचे मत घ्यायचे. बाजूने बोलण्यासारखे बरेच होते. अनुभवी डोळे मिळतात, नोंद एकट्या-दुकट्याच्या शब्दावर उभी राहत नाही. काकांचा कल इकडे होता. त्यांचे म्हणणे असे, की नोंदी दडवून ठेवल्या तर उद्या त्या पट्ट्यात काही बांधकाम आले तेव्हा “इथे काय आहे?” या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसेल. हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

दुसरा, फोटो जाणत्या दोघा-तिघांना खासगीत दाखवायचा, जागा सांगायची नाही, आणि पहाटे आपणच जाऊन पाहायचे. तिसरा, वनविभागाला आधी कळवायचे. तो आम्ही सकाळपर्यंत लांबवला, कारण न पटलेल्या ओळखीवर कुणाला धावायला लावणे बरे नव्हे असे वाटले. चौथा पर्याय मुलाने सुचवला: कुणीच जाऊ नये, त्याने एकट्याने संध्याकाळी पुन्हा पुलावरून फोटो काढावा. पुलावरून पक्ष्यांना काहीच त्रास नव्हता, तेव्हा ही सूचना दिसते तेवढी भाबडी नव्हती. पण पुलावरून अंतर फार पडत होते, आणि मोबाइलने दुसरा फोटोही पहिल्यासारखाच आला असता.

दुसरा पर्याय ठरला. ठरवून झाल्यावर शिक्षिकांनी मुलाला विचारले, “आणखी कुणाला पाठवलास का रे?”

“दोनच मित्रांना, मॅडम.”

त्या काही बोलल्या नाहीत. पण सकाळी माणसे येतील हे धरूनच चालायचे, एवढे आम्ही त्या वेळी मनाशी पक्के केले.

सकाळ: कुठे उभे राहायचे

पुलाच्या बाजूने नदीकडे उतरणारी चांगली पायवाट आहे. ती बेटाच्या वरच्या अंगाला निघते, तिथून बेट जवळ आणि समोर दिसते. नदी तिथे साधारण पूर्वेकडे वाहते. म्हणजे वरच्या अंगाला उभे राहिले की तोंड थेट उगवत्या सूर्याकडे. अशा उजेडात उडणारा प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. पोट काळे की सावलीत आहे, चोच लाल की केशरी की पिवळी, यातले काही सांगता येत नाही. आणि आमचा सगळा निकाल चोचीच्या रंगावर अडलेला.

म्हणून लांबचा वळसा घेऊन, बाभळीतून वाट काढत, बेटाच्या खालच्या अंगाला गेलो. तिथून वर, पश्चिमेकडे पाहायचे, ऊन पाठीशी. अंतर शंभर मीटरच्या पुढे होते, पण काकांनी स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचे पाहायची मोठी दुर्बीण, आणला होता. पाठीमागे करंजाचे झाड, त्यामुळे आमच्या आकृत्या आकाशावर उमटत नव्हत्या. या निर्णयात अर्धा तास गेला आणि पहिल्या उजेडातले काही हातचे सुटले असणार. तरी पूर्ण सकाळचा सर्वांत उपयोगी निर्णय हाच ठरला.

काठावर मासेमारी करणारे एक मामा जाळे झटकत बसले होते. त्यांनीच सांगितले, “पाणी तोडलंय परवापासून. बेट काठाला लागलंय त्या अंगानं. कुत्री जात्यात रोज.” त्यांनी बोट दाखवले तिकडे दगडांची एक ओळ होती, मधे घोटाभर पाणी.

ओळख पटवताना

साडेसहाला ऊन बेटावर आले. पाहतो तर काळ्या पोटाचे पक्षी एक नव्हे, बरेच. खालच्या संथ पाण्यावर दहा-बारा सुरय खेपा घालत होते. चोच खाली करून डुलत यायचे, पाण्याच्या पृष्ठभागावरून किडा टिपायचा, पुन्हा वर. सूर मारून पाण्यात घुसणारा त्यांत एकही नव्हता.

इथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण घोटाळा इथेच होतो. कल्लेदार सुरय हा आपल्याकडे हिवाळ्यात येणारा, पाणथळींवर सर्रास दिसणारा पक्षी. हिवाळाभर तो पांढुरका असतो, म्हणून त्याचे पोट काळे असू शकते हे अनेकांच्या लक्षातच नसते. एप्रिलमध्ये परतायच्या आधी त्याच्यावर विणीचा पिसारा चढतो: काळी टोपी, त्याखाली गालावर स्वच्छ पांढरा पट्टा, राखी गळा आणि खाली काळसर पोट. म्हणजे “काळ्या पोटाचा” हे वर्णन त्यालाही लागू पडते. दोघांना वेगळे करायला पोट कामाचे नाही. चोच पाहायची: काळ्या पोटाच्या सुरयाची केशरी, कल्लेदाराची गडद लाल. शेपटी पाहायची: पहिल्याची लांब आणि खोल दुभंगलेली, दुसऱ्याची आखूड, जेमतेम खाच असलेली. आणि आकार: काळ्या पोटाचा सुमारे ३३ सेंटिमीटर, कल्लेदार सुमारे २५, नदी सुरय ४० च्या आसपास.

उडत्या पक्ष्याचा आकार एकट्याने सांगता येत नाही, शेजारी माप लागते. ते माप सव्वासातला मिळाले. त्या दहा-बारांपैकी एक येऊन नदी सुरयाच्या शेजारच्याच दगडावर बसला. स्कोपमधून दोघे एका चौकटीत. नदी सुरयापुढे तो फारच लहान, चोच डाळिंबाच्या दाण्यासारखी गडद लाल, आणि मिटलेल्या पंखांची टोके शेपटीच्या पुढे गेलेली. काळ्या पोटाच्या सुरयाची विणीच्या काळातली शेपटी पंखांच्या पुढे जायला हवी होती. शिक्षिकांनी फोटो घेतले आणि स्कोप मुलाकडे दिला. तो बराच वेळ पाहत राहिला. मग स्वतःच म्हणाला, “पंख लांब आहेत. कल्लेदार आहे हा.”

पण आदल्या संध्याकाळचा पक्षी हाच, हे कशावरून? म्हणून तिथेच बसून मूळ फोटो पुन्हा उघडला. तो मोठा करताना मुलालाच दिसले, की मागे पाण्यात उभा असलेला बगळाही केशरी आहे. मावळतीच्या उजेडाने पूर्ण चौकटच रंगली होती, दगडसुद्धा. पांढरा बगळा केशरी दिसत असेल, तर चोचीच्या केशरी रंगावर भिस्त ठेवता येत नाही. शेपटी त्या फोटोतही पंखांच्या आत संपत होती. रात्री आम्ही सगळे चोचीकडेच पाहत होतो, बगळा कुणी पाहिला नव्हता.

एक बाब मात्र सुटली नाही. वळसा घेण्याआधी, अगदी उजाडताना, काकांनी पायवाटेच्या तोंडाशी एक सुरय खाली उडत जाताना पाहिला होता. लांब शेपटी, गडद पोट, तीन-चार सेकंद. आमच्या मते तो नदी सुरय असावा, उजेडाविरुद्ध त्याचेही पोट सावलीत काळे दिसते. काकांना ते पटले नाही, आणि त्यांचा अनुभव आमच्याहून मोठा आहे. मत घेऊन निकाल लावायचा नाही असे ठरले. त्या पक्ष्याची नोंद “सुरय, जात अनिश्चित” अशी गेली, आणि शेरा म्हणून काकांचे वर्णन त्यांच्याच शब्दांत. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ई-बर्ड या संकेतस्थळावर अशी नोंद करण्याची सोय आहेच. ती वापरायला बरेच जण कचरतात, कारण अनिश्चित नोंद म्हणजे हार वाटते. माझ्या मते खात्रीच्या यादीची किंमत अशा प्रामाणिक अनिश्चित नोंदींमुळेच टिकते.

काठावरचा पेच

साडेसातच्या सुमारास पायवाटेने तिघे जण आले. मोठ्या लेन्सा, खाकी जॅकेटे. फोटो त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. जागा त्यांनी फोटोत दिसणाऱ्या पुलाच्या कठड्यावरून ओळखली होती, आणि हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलेले नव्हते. ते दगडांच्या ओळीकडे निघाले.

तोवर बेटाच्या माथ्यावर चार-पाच नदी सुरय चपट बसलेले आम्ही स्कोपमधून पाहिले होते. एक उठला तेव्हा खाली मातकट, तपकिरी ठिपक्यांची अंडी स्पष्ट दिसली. म्हणजे आता विषय दुर्मीळ पाहुण्याचा राहिलाच नव्हता. नदी सुरय रोजचा म्हणून आम्ही त्याच्याकडे पाहतही नसू, पण जागतिक लाल यादीत तोही आता असुरक्षित गटात आहे, आणि कारणे तीच: उघड्या बेटांवरची वीण आणि नदीत वाढलेली माणसे.

मी पुढे जाऊन त्यांना थांबवायच्या आत त्या अंगाने एक कुत्रे दगडांवरून पलीकडे गेले. क्षणात सगळे सुरय वर. कर्कश ओरडत ते कुत्र्याच्या डोक्यावर झेपा घेऊ लागले, आणि अंडी उघडी पडल्याबरोबर पुलाखालच्या तारेवरचे दोन कावळे सरळ माथ्याकडे आले. एक उतरलाही. एका सुरयाने त्याला हुसकावले. मामांनी दगड भिरकावून कुत्रे परतवले. हे सगळे मिनिटभरात झाले, आणि त्या तिघांनी ते पाहिले.

“तुम्ही तिकडे गेलात तर हेच होईल, फक्त जास्त वेळ,” शिक्षिका म्हणाल्या. “आणि आता ऊन चढतंय, दादा. नऊनंतर त्या दगडावर हात ठेवून बघा.” एप्रिलच्या उन्हात नदी सुरय अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला कमी, सावली द्यायला जास्त. मधे जाऊन पोटाची पिसे भिजवून आणतो आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवतो. त्याला थोडा वेळ उडवून लावणे म्हणजे अंडी तव्यावर सोडणे.

तिघांपैकी एक जण म्हणाला, “आम्ही नाशिकरोडहून पहाटे उठून आलोय, पक्षी तरी दाखवा.” रास्त मागणी होती. काकांनी त्यांना स्कोपशी बसवले, कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे फोटो दाखवले, चोच, शेपटी, पंख सगळे समजावले. दोघांचे समाधान झाले. तिसऱ्याला आता अंड्यांचा जवळून फोटो हवा होता. त्याला मी कायदा सांगितला: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणेही येते. त्यावर तो चिडला. आवाज चढले. तेवढ्यात त्याचाच मित्र म्हणाला, “अरे, कावळा बघितलास ना आत्ता?” आणि तो थांबला. कायदा सांगणे चूक नव्हते, सांगायलाच हवा. पण त्याचे पाय थांबवले ते त्या कावळ्याने, आणि ते मित्राच्या तोंडून आले म्हणून.

दुपारचा निर्णय

घरी आल्यावर नवा पेच. अफवा पसरली होती आणि दुसरा दिवस रविवार. गप्प राहिलो तर “नाशिकमध्ये काळ्या पोटाचा सुरय” ही बातमी तशीच फिरत राहणार आणि गर्दी होणार. खुलासा केला तर जागेची चर्चा वाढणार.

चर्चा लांबली. शेवटी खुलासा करायचा ठरला, मात्र जागेशिवाय. दगडावर शेजारी बसलेल्या दोन सुरयांचा फोटो, कडेचा पूल आणि काठ कापून, आणि खाली पाच-सहा ओळी: हा कल्लेदार सुरय आहे, का आहे, आणि मूळ फोटोत चोच केशरी का दिसते. मुलाचे नाव कुठेही नाही. तो मजकूर त्यालाच लिहायला दिला. ही शिक्षिकांची सूचना, आणि तिच्यात त्यांचा शाळेतला अनुभव दिसतो. आपली ओळख चुकली हे दुसऱ्याने जाहीर केले असते तर तो पुढचा फोटो पाठवायला धजावला नसता. आपण तपासून पाहिले आणि हे सापडले, असे त्याने स्वतः लिहिले, तेव्हा तो शोध त्याचा झाला. मजकूर नेटका होता. बगळ्याचा मुद्दा त्याने सर्वांत वर घेतला होता.

निष्पत्ती

रविवारी पुलावर तुरळक माणसे आली, दुर्बिणीने पाहून गेली. बेटावर कुणी उतरले नाही. आदल्या दिवशीच्या तिघांपैकी दोघे परत आले होते आणि येणाऱ्यांना तेच वरूनच पाहायला सांगत होते.

सोमवारी वनविभागाला कळवले. हा पट्टा वनजमीन नव्हे, तरी वनरक्षक येऊन पाहून गेले. प्रत्यक्ष काम मात्र मामांनी केले. त्यांनी आणि त्यांच्या पुतण्याने दगडांच्या ओळीवर बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकल्या. कुत्र्यांचे जाणे बंद झाले. खर्च शून्य.

त्यानंतर काही दिवसांनी आवर्तन सुटले. पाणी चढले, बेट काठापासून तुटले, काट्यांची गरज संपली. पण खालच्या कडेची दोन घरटी पाण्याखाली गेली. पाणी चढताना मुलगा पुलावर होता. त्याने फोन करून विचारले, अंडी उचलून वर ठेवू का? आम्ही नाही म्हटले. अंड्यांना हात लावणे कायद्याने चालत नाही. शिवाय पक्षी आपली जागा ओळखतो, हलवलेल्या अंड्यांवर तो येऊन बसेलच असे नाही. आणि चढत्या पाण्यात त्या दगडांवर जाणे त्याच्या जिवालाही धोक्याचे होते. उत्तर बरोबर होते, तरी ते त्याला द्यायला जड गेले. माथ्यावरची घरटी राहिली. मे महिन्यात तिथे वाळूच्याच रंगाची पिल्ले दिसली, काही उडायलाही लागली.

वेगळे काय करता येईल

फोटो आला की पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी तपासायच्या, असे आता ठरले आहे: चौकटीत पांढरे असायला हवे असे काय आहे आणि ते कोणत्या रंगाचे दिसते, बसलेल्या पक्ष्याची शेपटी पंखांच्या आत की बाहेर, आणि शेजारी मापाला कोण आहे. यातल्या दोन गोष्टींनी त्या रात्रीच उत्तर बरेच जवळ आणले असते. उत्तर कल्लेदाराकडे झुकले असते तरी सकाळी गेलोच असतो, पण धास्तीने नव्हे.

जागा लपवायची तर नुसते नाव गाळून भागत नाही, हे कठड्याने शिकवले. पूल, मनोरा, घाट, जाहिरातीचा फलक, यांवरून नाशिकचा माणूस जागा चुटकीसरशी ओळखतो. फोटो पुढे पाठवण्याआधी कापायचा, आणि मोबाइलमध्ये फोटोबरोबर साठणारी स्थाननोंद काढून टाकायची.

वनविभागाला कळवणे सोमवारपर्यंत थांबले, ते शनिवारी सकाळी अंडी दिसली तेव्हाच करता आले असते. दुर्मीळ पक्ष्याची खात्री होईपर्यंत थांबणे ठीक होते, पण घरट्यांसाठी खात्रीची वाट पाहायचे कारण नव्हते. अंडी समोर होती.

काकांच्या मुद्द्यावर मात्र एकमत नाही. जागा गुप्त ठेवली म्हणून शनिवार निभावला, हे त्यांना मान्य आहे. पण २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत नदीकाठी कामे निघणार, तेव्हा या बेटाची नोंद कागदावर नसेल तर ते कुणाला दिसणार नाही, असे ते म्हणतात. शिक्षिकांचे म्हणणे, की नोंद वनविभागाकडे आणि महापालिकेकडे पूर्ण द्यावी, लोकांत अर्धीच. मी त्यांच्या बाजूचा आहे, तरी विणीचा हंगाम संपल्यावर, पावसाळ्यात, जागाही जाहीर करायला हरकत नाही असे मला वाटते. तेव्हा ते बेट पाण्याखाली असते.

मुलगा आता दर आठवड्याला पुलावरून एकच कोन धरून फोटो घेतो. पाणी कुठवर आले की कोणता खडक बुडतो, याच्या खुणा त्याने पुलाच्या खांबाच्या दगडांवरून मोजून वहीत मांडल्या आहेत. आवर्तन एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडता येईल का, अशी विनंती पाटबंधारे खात्याला मार्चच्या आधी करायची आहे. त्या अर्जाला या वहीच्या प्रती जोडायच्या ठरल्या आहेत.